तिसरीच्या मुलांना आठही दिशा तोंडपाठ, पण मैदानावर उत्तर सापडत नाही

खडूची_पूड | ३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. परिसर अभ्यासातला दिशा आणि नकाशा हा भाग सध्या सुरू आहे. परवा वर्गात जे झालं त्यानं मी बेचैन आहे, म्हणून हा धागा.

पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या खोलीचं छत गळायला लागलं आणि वर्ग समोरच्या खोलीत हलवला. जुन्या खोलीत फळा उत्तरेच्या भिंतीवर होता. नव्या खोलीत तो दक्षिणेच्या भिंतीवर आहे. मी सहज विचारलं, "उत्तर कुठे?" एकूण एक हात फळ्याकडे गेले. म्हटलं, अरे, काल तर तुम्ही त्या बाजूला दाखवत होता. तर एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, फळा इकडं आला न." दुसरीनं तर सरळ पंख्याकडे बोट केलं, कारण नकाशात उत्तर वर असते.

हीच मुलं पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य न अडखळता म्हणतात. चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मग त्यांना मैदानात नेलं, डोळे मिटून गोल फिरायला लावलं आणि थांबवून विचारलं, तर हात चारही बाजूंना. म्हणजे गेली काही वर्षं मी दिशा शिकवलीच नाही, फक्त शब्द पाठ करून घेतले. हे सुधारायचं आहे. तुम्ही कसं शिकवता? पालकांनीही लिहा, घरी मुलं काय बोलतात ते मला कळायला हवं.

---

काटोल_रोडचा_मास्तर | ३ जुलै, रात्री १०:२५

मॅडम, सगळ्यात आधी नकाशा भिंतीवरून खाली काढा. मी बावीस वर्षं शिकवून राहिलो, त्यातली पहिली दहा भिंतीवरच्या नकाशात गेली. उभ्या नकाशावर 'वर' म्हणजे छत आणि 'खाली' म्हणजे जमीन, असंच पोरांना दिसते. त्यात त्यांची काही चूक नाही. नकाशा फरशीवर अंथरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा आणि पोरांना भोवती बसवा. कोणी रामटेकच्या बाजूनं बसेल, कोणी हिंगण्याच्या. काहींना अक्षरं उलटी दिसतील. दिसू द्या. वाचायला त्रास होते तेव्हाच कळते की नकाशा आपल्यासाठी फिरत नसते, आपल्याला त्याच्याभोवती फिरावं लागते.

पण त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती आपण सगळेच गाळतो. वरून पाहणं. तिसरीच्या पोराला टेबल काढायला सांगा, तो चार पाय काढणारच. नकाशात मात्र सगळं वरून पाहिलेलं असते. मी डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, चप्पल असं जमिनीवर मांडतो आणि एकेकाला बाकावर उभं करून खाली पाहायला लावतो. बाटली वरून गोल दिसते हे पाहून पोरं हरखून जातात. मग त्या वस्तूंभोवती खडूनं रेघ मारायची आणि वस्तू उचलून घ्यायच्या. उरला तो नकाशा. माझ्या वर्गाला नकाशा म्हणजे काय ते या खेळानं समजते, व्याख्येनं नाही.

मग वर्गखोली पावलांनी मोजायची. एक पाऊल म्हणजे वहीचा एक चौकोन. प्रमाण हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालते.

---

आकाशवेडा | ४ जुलै, सकाळी ७:०५

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. पण 'नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा' हे वाक्य सोपं नाही, आणि या महिन्यात नागपुरात तर मुळीच नाही. जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकातली रीत आपल्याला माहीत आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. सूर्य अगदी पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. आज तो नागपुरात पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवला. पूर्व आणि ईशान्य यांच्यामधलं अंतर ४५ अंश, म्हणजे आज सूर्याकडे तोंड केलेलं मूल त्या दोन्हींच्या साधारण मधोमध पाहत असतं. डिसेंबरात हेच उलट, तेव्हा सूर्य पूर्व आणि आग्नेय यांच्यामध्ये उगवतो.

याहून मोठी गंमत पुढे आहे. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे २६ मेच्या आसपास एकदा आणि १७ जुलैच्या आसपास पुन्हा एकदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. या दोन तारखांच्या मधले सगळे दिवस आपला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आकाशाच्या उत्तर अर्ध्यातच असतो. म्हणजे आज तुम्ही मैदानात काठी रोवली तर तिची सावली दिवसभर दक्षिणेच्या अंगाला पडेल. 'दुपारची सावली उत्तरेला पडते' असं कुठे वाचून मुलांना सांगितलं तर आज ते चुकीचं ठरेल. आपल्याकडे शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात आणि हा पाठ नेमका याच दिवसांत येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उपाय काठीचाच, पण सावली कुठे पडते ते न पाहता तिचं टोक कुठे सरकतं ते पाहायचं. सपाट जागी सरळ काठी रोवा. अकराच्या पुढे दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. खडे पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीत जातील. मध्यान्हाच्या आसपासच्या खड्यांना जोडणारी रेघ म्हणजे तुमची पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात दुसरी रेघ मारली की उत्तर-दक्षिण. वेळ मिळाला तर वर्तुळाची जुनी रीत करा. काठीभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत जाताना शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. शुल्बसूत्रं म्हणजे वेदी बांधण्याचे प्राचीन ग्रंथ, त्यांच्या काळापासून आपल्याकडे यज्ञवेदीची दिशा अशीच ठरवत आले. ही रीत बाराही महिने चालते.

घड्याळाबद्दलही थोडं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नागपूर ७९ अंशांच्या थोडं पुढे. त्यामुळे आपला मध्यान्ह बाराला होत नाही. जुलैत तो साधारण बारा वाजून वीस मिनिटांच्या आत-बाहेर असतो.

---

पारडीची_आई | ४ जुलै, दुपारी २:१५

मी शिक्षिका नाही. माझा मुलगा दुसरीत आहे आणि त्याला डावं-उजवं अजून पक्कं नाही. त्याच्यासाठी 'डाव्या हाताला उत्तर' हे वाक्य म्हणजे एक गोष्ट येत नाही म्हणून दुसरी पण येत नाही, असं होतं. तो रडकुंडीला येतो.

आणखी एक. त्याच्या वर्गात मॅडम मुलांकडे तोंड करून उभ्या राहतात आणि स्वतःचा उजवा हात वर करून 'दक्षिण' म्हणतात. समोरची मुलं आरशासारखा डावा हात वर करतात. घरी आल्यावर मी विचारलं तर तो पूर्वेकडे तोंड करून डाव्या हाताला दक्षिण सांगत होता, आणि 'मॅडमनी असंच केलं' यावर ठाम. खरं तर त्यानं पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं. सगळ्या शिक्षकांना विनंती, दिशा दाखवताना मुलांकडे पाठ करा आणि ती ज्या बाजूला पाहतात त्याच बाजूला तुम्हीही पाहा.

---

खडूची_पूड | ४ जुलै, रात्री ८:५०

पारडीची आई, तुमचं वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. मीही मुलांकडे तोंड करूनच दाखवते. उद्यापासून बदलते. आणि आकाशवेडा दादा, दिवसभर सावली दक्षिणेच्या अंगाला, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी याच दिवसांत मी मुलांना काठी रोवून 'सावलीकडे उत्तर' असं लिहून घ्यायला लावलं होतं. एक मुलगा म्हणत होता की सावली तर गेटकडे पडते आहे, आणि गेट दक्षिणेला. मी त्याला नीट बघ म्हणाले. तो आता चौथीत आहे. त्याला उद्या बोलावून सांगणार आहे की तुझं बरोबर होतं.

---

मोजणीदार | ५ जुलै, सकाळी ६:३०

मी भूमी अभिलेखातून निवृत्त. आयुष्य बांधांवर गेलं, म्हणून या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पारडीच्या ताईंनी डाव्या-उजव्याचं बरोबर लिहिलं. पण 'दक्षिण' या शब्दाचा संस्कृतात एक अर्थच उजवा असा आहे. पूर्वेला तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या अंगाला येते ती दक्षिण. मुलाला हे सांगून पाहा. जेवायचा हात सहसा सगळ्यांना पक्का असतो. तो हात कोणता ते मात्र आधी विचारा, डावखुरी मुलं असतात.

खेड्यात दिशा शिकवाव्या लागत नसत. 'वावराच्या उगवतीला विहीर, मावळतीला पांदण' असंच लोक बोलतात. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचं घर. मुलांना हा घरचा अभ्यास द्या. आजी-आजोबांना विचारून आपल्या घराची चतुःसीमा लिहून आणायची. फ्लॅटमधल्या मुलांनाही जमतं, पूर्वेस लिफ्ट, दक्षिणेस शेजारच्यांचं दार. एका घराची उत्तर म्हणजे शेजाऱ्याची दक्षिण, हे मुलांना जुळवून पाहू द्या. दोन मुलं शेजारी राहत असतील तर त्यांचे कागद एकमेकांना लागून ठेवा. गाव नकाशा असाच गट गटाला लावून तयार होतो.

सीताबर्डीच्या झिरो माइलला, म्हणजे देशाच्या मोजणीची खूण असलेल्या दगडी खांबाजवळ, मुलांना अवश्य न्या. तिथले घोड्यांचे पुतळे पाहून मुलं खूश होतात, पण शिकण्याची वस्तू म्हणजे तिथला षटकोनी दगड. त्यावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. शिवनी ७९, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. हातात नकाशा द्या आणि एकेक गाव कोणत्या दिशेला ते हात करून दाखवायला सांगा. शिवनी-जबलपूरला सगळ्यांचे हात उत्तरेकडे जायला हवेत, हैदराबादला बरोबर उलट. हा देशाचा अचूक मध्य आहे का, या वादात तिसरीच्या मुलांना पाडू नका. ही खूण देश मोजणाऱ्यांची, इतकं त्यांना पुरे. ती मोजणी १८०२ साली मद्रासेत सुरू झाली. ती सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. आपल्या जिल्ह्याला लागून आहे ही जागा, पण आमच्या खात्यातल्या कितीतरी जणांनीही ती पाहिलेली नसते. मला याचं वाईट वाटतं.

---

प्रजापती_ते_लोकमान्य | ५ जुलै, दुपारी १२:४०

शहरातल्या मुलांना बांध दिसत नाही, पण मेट्रो दिसते. नागपूर मेट्रोचा नकाशा म्हणजे ढोबळ मानानं अधिकचं चिन्ह. नारंगी मार्ग उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेच्या खापरीपर्यंत, ॲक्वा मार्ग पूर्वेच्या प्रजापती नगरपासून पश्चिमेच्या लोकमान्य नगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. माझ्या मुलीनं दिशा याच्यावरच पक्क्या केल्या. 'आजीकडे जायचं म्हणजे पूर्वेच्या टोकाला' असं ती आता आपोआप म्हणते.

रेल्वेचं मात्र जपून. नागपुरातून चार दिशांना गाड्या जातात, हे आपण अभिमानानं सांगतो. मुंबई पश्चिमेला, म्हणून गाडी पश्चिमेला निघत असेल असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ती स्टेशनातून दक्षिणेकडे, अजनीच्या अंगाला निघते आणि बुटीबोरी करत वर्ध्याकडे जाते. माझ्या मुलीनं खिडकीतून पाहून विचारलं, 'बाबा, आपण चुकीच्या गाडीत बसलो का?' गावाची दिशा आणि रस्त्याची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी तिला समजावावं लागलं. चौथीच्या मुलांसाठी हा फार चांगला प्रश्न आहे.

आणि एक विचारतो. मोबाइलमधलं होकायंत्र का नको? दहा सेकंदांत उत्तर मिळते.

---

काटोल_रोडचा_मास्तर | ५ जुलै, दुपारी ३:१०

भाऊ, नको असं नाही. पहिल्या दिवशी नको. मोबाइलनं सांगितलेली उत्तर पोरगं मान्य करते, शोधत नाही. शिवाय रस्ता दाखवणारे ते नकाशे आपण वळलो की स्वतःच वळतात, पुढचा रस्ता कायम वर. फिरायचं काम मोबाइल करते आणि पोरगं जागच्या जागी राहते. मी वर म्हटलं ना, नकाशाभोवती फिरावं लागते, तेच इथं निसटते.

---

आकाशवेडा | ५ जुलै, सायंकाळी ६:०० 

मी थोडा मधला आहे. मोबाइल वापरा, पण पडताळा घ्यायला. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर, लोखंडी बाक, स्पीकर यांच्याजवळ त्याची सुई भलतीकडे जाते. एकाच वर्गात पाच मोबाइल पाच दिशा दाखवतात तेव्हा मुलं आपणहून विचारतात की खरं कोणतं. तिथे काठीची रेघ कामाला येते.

त्यापेक्षा होकायंत्र मुलांनी स्वतः करावं. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकानं, एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासायची. परत येताना चुंबक उचलून घ्यायचा, मागे-पुढे घासायचं नाही. थर्माकोलच्या पातळ तुकड्यावर आडवी ठेवून पाण्यावर सोडायची. वाडगं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, स्टीलच्या काही भांड्यांना चुंबक चिकटतो. सुई हळूहळू उत्तर-दक्षिण होते, पण तिचं कोणतं टोक उत्तरेचं हे ती सांगत नाही. ते मैदानातल्या रेघेशी लावून ठरवायचं आणि त्या टोकाला लाल रंग द्यायचा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे शाळेच्या कामाला दोन्ही एकच धरा.

---

पारडीची_आई | ६ जुलै, सकाळी ११:२०

घरचा एक प्रयोग सांगते. संध्याकाळी सात वाजता मुलाला सगळ्या भिंतींना हात लावायला सांगितलं. आमची एक भिंत या दिवसांतही ऊन पडलं की कोमट लागते, उन्हाळ्यात तर तिला रात्री दहालाही टेकवत नाही. तीच पश्चिम. कूलर त्या खिडकीत का नाही, हेही त्यानं विचारलं. आता त्याला विचारलं तर तो डावं-उजवं आठवत बसत नाही, 'तापणारी भिंत मावळतीची' म्हणतो आणि तिथून बाकीच्या दिशा लावतो.

---

खडूची_पूड | १२ जुलै, रात्री १०:०५

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं, आठवडा फार धावपळीचा गेला. तीन दिवस आभाळ होतं. १० तारखेला अकरानंतर ऊन पडलं आणि मी चालू तास सोडून मुलांना बाहेर काढलं. मीटरची लाकडी पट्टी मातीच्या कुंडीत उभी केली, ओळंबा लावून सरळ केली. अकरा वीसपासून खडे. सावली इतकी आखूड होत गेली की बारा वीसला जेमतेम दोन सेंटिमीटर उरली. मुलं पोटावर झोपून पाहत होती. 'मॅडम, संपून राहिली' असं एक ओरडली. आणि तिचं टोक पट्टीच्या दक्षिणेलाच होतं, दादांनी लिहिलं तसं. तो चौथीतला मुलगाही आला होता. काही बोलला नाही, पण शेवटचा खडा त्यानंच ठेवला.

रेघ मारली तेव्हा एक अडचण निघाली. आमची इमारत रेघेशी जुळेना. मी आजवर फळ्याची भिंत 'उत्तर' किंवा 'दक्षिण' म्हणत आले, पण इमारतच तिरपी आहे, साधारण दहा-पंधरा अंशांनी. मुलांना वाटलं आपली रेघ चुकली. मग सुईची होकायंत्रं केली, सात गटांपैकी पाच गटांच्या सुया रेघेशी जुळल्या. उरलेल्या दोन गटांनी सुई मागे-पुढे घासली होती, त्यांनी पुन्हा केली. त्यानंतर इमारत तिरपी आहे हे सगळ्यांनी मान्य केलं.

काल मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे जिल्ह्याचा नकाशा फरशीवर अंथरला. त्यावर अंबाझरी शोधली आणि नाग नदीवर बोट फिरवत पूर्वेकडे कन्हानपर्यंत गेलो. मग सगळ्यांना उभं करून 'नाग नदीचं पाणी आत्ता कुठल्या दिशेनं वाहतंय, हात करा' म्हटलं. अठ्ठावीस मुलांपैकी बावीस हात एकाच बाजूला गेले. आठवड्यापूर्वीच्या तुलनेत हे खूप आहे. पंख्याकडे बोट करणारी मुलगी मात्र अजून गोंधळते. तिला कागद हातात दिला की ती तो उभा धरते. तिच्यासाठी काय करू?

---

काटोल_रोडचा_मास्तर | १२ जुलै, रात्री १०:४०

तिच्या हातात कागद देऊच नका. आठ-पंधरा दिवस तिला फरशीवर खडूनं काढलेल्या नकाशावर चालवा. वर्गाचा नकाशा इतका मोठा काढा की ती त्यात उभी राहू शकेल. मग त्यात लपवलेला खडू शोधायला लावा, 'दारापासून चार पावलं पूर्वेला, दोन उत्तरेला'. नकाशा हळूहळू लहान करत न्या. कागद सगळ्यात शेवटी. घाई करू नका, माझ्याकडे एका पोराला दिवाळी उजाडली होती.

---

आकाशवेडा | १३ जुलै, सकाळी ६:५०

मॅडम, वाचून फार आनंद झाला. एक विनंती, हा प्रयोग इथेच सोडू नका. ती रेघ आणि पट्टी उभी केली ती जागा तेलरंगानं पक्की करा. २३ सप्टेंबरच्या सुमारास त्याच जागी पुन्हा मोजा, मध्यान्हाची सावली उत्तरेला गेलेली असेल, मीटरच्या पट्टीची साधारण ३९ सेंटिमीटर. २२ डिसेंबरच्या आसपास ती जवळपास पट्टीइतकीच लांब होते. डिसेंबरात पालकांना रात्री ध्रुवतारा दाखवायला सांगा. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तिथे ध्रुव, कारण आपल्या अक्षांशाइतकीच त्याची उंची असते.

---

मोजणीदार | १३ जुलै, सकाळी ७:१५

मॅडम, तुमच्या शाळेला चालत असेल तर एका शनिवारी मी येतो. माझ्याकडे जुना समतल फलक (जागेवरच नकाशा काढायचा सपाट पाट), तिवई आणि पट्टी आहे. मुलांसमोर मैदानाचा नकाशा तिथल्या तिथे उतरवून दाखवीन, तिरप्या इमारतीसकट. तुमची पक्की केलेली रेघ मला आधाराला लागेल, ती पुसू देऊ नका.

---

खडूची_पूड | १३ जुलै, रात्री ९:३०

काका, नक्की या. मुख्याध्यापकांशी बोलले, २६ तारखेचा शनिवार चालेल, सकाळची शाळा आहे. पाऊस असला तर व्हरांडा मोकळा ठेवते, साधारण चाळीस फूट लांब आहे. फलकाला किती जागा लागते तेवढं कळवा. रेघेला आज पिवळा रंग दिला, वाळेपर्यंत भोवती बाक लावून ठेवलेत.